प्लगचे आटे

“चुंबक लावून बघा ना, भाऊजी.”

“स्टेनलेसची आहे ती. चुंबकाला चिकटत नाही,” मिस्त्री करवादले. नखाएवढी तारेची शेपटी स्कूटरच्या इंजिनात पडली होती आणि काही केल्या दिसत नव्हती.

मिस्त्रींचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. झिजलेल्या भोकात तारेचं वेटोळं बसवून नवे आटे करणं हे त्यांच्या हातचं काम. आज स्कूटरच्या प्लगच्या भोकाचे आटे गेले होते, आणि सुरुवात बरी झाली होती. आटे पाडायचा टॅप या मापाचा मिळेना, तेव्हा एका पोलादी बोल्टला ग्राइंडरवर खाचा पाडून त्यांनी टॅप केला. थोडं पुढे, थोडं मागे करत प्लगच्या भोकात आटे पाडले. सळीला चीर पाडून तिच्यात वेटोळ्याची शेपटी अडकवली आणि वेटोळं फिरवत आत नेलं. राहिली फक्त शेपटी तोडायची. पंपाचं झाकण उलटं करून झटकलं की तुटका तुकडा खाली पडतो. त्याच सवयीने त्यांनी खिळा ठेवून हातोडी मारली. इंजिन काही उलटं करता येत नाही.

बायको मरण्याआधी म्हणाली होती, माझी गाडी धाकट्या बहिणीला द्या, तिला पहाटेच्या ड्युटीला बस मिळत नाही. ती धाकटी, नर्स, आता समोर उभी होती. उद्यापासून पुन्हा पहाटेची ड्युटी होती.

“ही ताईचीच करणी,” ती म्हणाली. “प्लग वाकडा लागला तरी पान्याला लोंबकळायची.”

“लोंबकळू दे. गाडी तिची होती.”

ती भोकात डोकावली. मग म्हणाली, “एक किक मारू? उडून येईल बाहेर.”

“पेशंटच्या पोटात कात्री राहिली तर त्याला उड्या मारायला सांगता का तुम्ही नर्स लोक?”

ती हसली. मिस्त्रींना हसू आलं नाही. सायकलच्या स्पोकला ग्रीस लावून ते भोकात चाचपत होते आणि दर वेळी नुसती काजळी वर येत होती. शेवटी त्यांनी स्पोक भिरकावला.

“भंगारात जाऊ दे ही गाडी! कुणाला नको आणि काही नको!”

धाकटीने स्पोक उचलला, पुसला, टोकाला ग्रीस लावून त्यांच्या हातात दिला. “मी बॅटरी धरते. तुमच्या डोक्याची सावली पडतेय आत.”

ते बाजूला सरले. उजेडात काहीतरी चमकलं. ग्रीसला चिकटून शेपटी अलगद वर आली.

प्लग बसला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. धाकटी सीटवर बसली आणि तिने आरशाकडे हात नेला.

“थांब!”

ती दचकली. मिस्त्री पाना घेऊन आले. आरसा बायकोच्या उंचीला लावलेला होता. त्यात धाकटीला नुसता स्वतःचा खांदा दिसत असणार. त्यांनी नट सैल केला.

“सांग, कुठवर वळवू?”

“अजून थोडा वर. हां, बस.”

“मागचा रस्ता दिसतो?”

“दिसतो, भाऊजी.”

त्यांनी नट आधी बोटांनी फिरवला, मग पान्याने आवळला.