शोकात उभी चक्की

इंग्लंडपासून पोलंडपर्यंत झाडं आडवी करत गेलेलं ऑक्टोबरचं वादळ नेदरलंड्सच्या फ्रीसलंडवरून ओसरलं, तेव्हा निन्के वडिलांच्या उशाशीच बसून होती. पडलेल्या झाडांनी रस्ते बंद, रुग्णवाहिका वाटेतच अडकलेली. रात्रभर भात्यासारखी वाजणारी वडिलांची, सिब्रेन यांची छाती सकाळी मात्र एकदम शांत झाली आणि ते उठून कॉफी मागू लागले.

तेवढ्यात शेजारच्या हिस्के काकू आल्या. अंगात काळा कोट, हातात साखरपाव.

"कधी गेला गं सिब्रेन?"

"काकू, काहीतरीच काय! कॉफी पितायत ते."

"मग पाती अशी का?"

निन्के अंगणात धावली. वादळाआधी तिने पवनचक्कीची पाती फुलीसारखी तिरकी लावून साखळीने जखडली होती. साखळी तशीच होती. पण खालचं पातं उभ्या रेषेच्या जरासं पुढे जाऊन थांबलं होतं. घरातलं माणूस गेलं की चक्कीवाले पाती अशी लावतात.

आतून वडील ओरडले, "हिस्के, पाव कापतेस की मी मरायची वाट बघतेस?"

"मेल्या, शंभर वर्षं छळशील आम्हाला!" काकू हसत आत गेल्या.

निन्केने साखळी सोडून पाती पुन्हा फुलीत आणली, तोच आत खोकला उसळला. रात्रीचाच, ओला, न संपणारा. ती धावत गेली. वडिलांचे ओठ निळे पडले होते, काकू पाठ चोळत होत्या. मग एकाएकी श्वास मोकळा झाला. "आणखी एक तुकडा दे," ते म्हणाले. खिडकीतून तिला दिसलं, वारा अगदी थांबला होता, आणि पातं पुन्हा पुढे सरकलं होतं.

ती परत गेली, पाती वळवली. खोकला. सोडून दिली. खोकला थांबला.

"अगं, नीट लाव ना ती," काकू दारातून म्हणाल्या. "लोक फुलं घेऊन येतील. कोण गेलं म्हणून सांगू?"

"राहू दे काकू तशीच."

"अशी कशी राहू दे?"

निन्केने साखळी उचलून हातात घेतली, पण बांधली नाही. आत वडील गुणगुणत होते, इतक्या खणखणीत आवाजात की तो तिला ओळखीचा वाटेना.

शेजारची चक्की शोकात दिसली की आपलीही तशीच लावायची, कोण गेलं ते मागाहून विचारायचं, ही इथली रीत. कालव्याच्या काठाने एकेक चक्की पाती वळवत चालली होती. तिसऱ्या चक्कीचा म्हातारा पाती लावून झाल्यावर घरात शिरलाच नाही. उंबऱ्याशी उभा राहून तो आतल्या कोणाला तरी हाक मारत होता. आतून ओ येईना. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

साखळी निन्केच्या हातातच होती.