मळायची नोकरी

मी पट्टी बोलतेय. जखमेवरची नव्हे, शाळेतल्या पोरांच्या तळहातावर बसणारीही नव्हे. वीतभर लांबीची, स्टीलची, एका टोकाला भोक असलेली. वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरखाली मला दोरीने पाण्यात टांगलंय. काम एकच: मळायचं.

हसू नका. या टॉवरला नदीचं पाणी मिळत नाही. शहरभरच्या न्हाणीघरांतलं आणि संडासांतलं पाणी शुद्ध होऊन इथे येतं. कितीही शुद्ध केलं तरी जंतूंचं पोट भरेल एवढं त्यात उरतंच, शिवाय यंत्रांची उष्णता घेऊन इथे ते कोमट होतं. मग काय, जावयासारखी बडदास्त! जंतू मुक्काम ठोकतात, बुळबुळीत थर चढवतात. माझ्यावर तो किती चढला हे पाहून क्लोरीन किती सोडायचं ते ठरतं. मी मळले, तरच माणसं सावध होणार.

टॉवर सांभाळायचे मामा. जगाचे मामा. डबा खायचे ते टॉवरच्या पायथ्याशी, उडणाऱ्या तुषारांत. म्हणायचे, "फुकटचा एसी!"

एकदा साहेबांची पाहणी ठरली. फर्मान आलं, सगळं चकचकीत दिसलं पाहिजे. मामांनी जिने घासले, कठडे घासले आणि मलाही बाहेर काढून घासलं.

"अहो मामा, तिला कशाला?" फिटर म्हणाला.

"पाहुण्यांसमोर पोर अशी शेंबडी न्यायची? नाव माझं खराब होतं, बाबा."

मी किंचाळले असते; पण पट्टीला तोंड कुठलं!

साहेबांनी मला दोन बोटांत धरलं. "आरसा आहे हा! मग क्लोरीन कुणाला पाजताय? निम्मं करा."

"साहेब, भिंतीला हात लावून बघा, बोट सटकतंय," केमिस्टबाई म्हणाल्या.

"बाई, पट्टी तुम्हीच टांगलीत ना? मग तिचं तरी ऐका."

साहेबांनी भिंतीला हात लावला नाही. बाही भिजली असती. मामांनी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी त्यांची पाठ थोपटली, "जागा छान ठेवलीत हो!" मामांनी शब्द गिळला.

क्लोरीन निम्मं झालं. थर माजला. तेच जंतू तुषारांवर बसून मामांच्या छातीत गेले. आधी ताप, मग धाप, मग इस्पितळ. मामा परत आलेच नाहीत. त्यांचा डबा मुलगी घेऊन गेली.

"पण पट्टी तर स्वच्छ होती!" साहेब म्हणाले.

तेव्हा फिटरने खरं सांगितलं. केमिस्टबाईंनी भांडून क्लोरीन पूर्ववत करून घेतलं. साहेबांनी शोक व्यक्त केला. त्यात ते तरबेज आहेत.

आज पुन्हा पाहणी आहे. पुन्हा तेच फर्मान. मामांच्या जागी आलेला गडी ओलं फडकं घेऊन माझ्याकडेच येतोय.

अरे, थांब! हा मळ नाही, माझी साक्ष आहे. काही पुसायचंच असेल, तर साहेबांची खुर्ची पूस. तिला कुणालाच काही सांगायचं नसतं.