तणाचा वाफा

जोतीराम कामावर लागला त्याच आठवड्यात त्यानं माझं संशोधन उपटून बांधावर टाकलं.

मी विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. विषय शेतातलं तण. घरी अब्बांना वाटतं की मी औषधी झाडांवर काहीतरी मोठं करते, आणि मी ते तसं वाटू देते. विद्यापीठाच्या बागेच्या कोपऱ्यात माझा एक वाफा आहे. तिथं मी केना, कुर्डू, लव्हाळा असं सगळं हौसेनं वाढवलं होतं, प्रत्येकापुढं लॅटिन नावाची पाटी लावून.

जोतीराम राधानगरीकडचा, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. 'कमवा आणि शिका'मध्ये काम मिळावं म्हणून ग्रंथालय, परीक्षा विभाग, अतिथीगृह, सगळीकडं जोडे झिजवून आलेला. जागा सगळ्या भरलेल्या. बागेतला एक मुलगा सोडून गेला म्हणून याचा नंबर लागला. काम टिकलं तर होस्टेल आणि मेस टिकणार, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून गावी म्हशींच्या मागं. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी न विचारता सांगितलं होतं.

त्या सकाळी वाफ्यावर गेले तर माती लख्ख. एक काडी शिल्लक नाही. पाट्या मात्र पुसून ओळीत रोवलेल्या आणि प्रत्येक पाटीपुढं सुबक आळं करून पाणी घातलेलं. जोतीराम कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभा. त्याच्या मते ती नावं परदेशी फुलझाडांची होती, बिचारी तणानं पार गिळली होती, आता मोकळी झाली की फुटतील.

मी ओरडले. कोल्हापुरात वाढलेल्या मुलीला आवाज कमी कसा करायचा हे कुणी शिकवत नाही. बागेचे मुकादम गुंडूमामा धावत आले, वाफा बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, पोराला ठेवायचं की काढायचं ते आता तुम्हीच सांगा. 'काढा' हा शब्द अगदी जिभेवर होता. पण जोतीरामनं एकही सबब सांगितली नाही.

"मॅडम, तण दिसलं की हात ऱ्हात न्हाईत ओ," तो खाली मान घालून म्हणाला. "रविवारपतोर थांबा. मुळासकट आणून देतो."

गुंडूमामांनी निकाल रविवारवर ढकलला. माझा राग काही ढकलला गेला नाही.

रविवारी त्याची आई तानाबाई स्वतःच एसटीनं आल्या. डोक्यावर बुट्टी, तिच्यावर जुनं लुगडं घट्ट बांधलेलं. आत मातीच्या गड्ड्यांसकट सगळं तण. लुगडं कशाला, तर तण घेऊन कोल्हापूरला निघालेली बघून गावातल्या बायकांनी हिचं डोकं फिरलं म्हणून बोंब ठोकली असती. मग त्या वाफ्यात बसल्या आणि एकेका रोपाला शिवी देत ते लावू लागल्या.

"सारा जलम ह्येला उपटत आलो," त्या म्हणाल्या, "आन् आज पाणी घालून लावतोय. शिकल्यावर असं हुतंय व्हय?"

मला हसू आवरेना. मोजमापं पहिल्यापासून करावी लागणार होती, पण पावसाळा अजून बराच बाकी होता, आणि खरं सांगायचं तर त्या बाईसमोर चिडून बसणं मला जमलंच नाही.

लावून झाल्यावर त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मला हळूच बाजूला घेतलं.

"पोरी, आमचं पोरगं काम नीट करतंय न्हवं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मॅडमना अभ्यासाला तण पाहिजे, एवढंच जोतीरामनं घरी कळवलं होतं. तो हातात पाइप धरून मातीकडं बघत होता. गुंडूमामा माझ्याकडं.

"करतंय की, मावशी," मी म्हणाले. "सांगितलं त्येच्या दुप्पट करतंय."

तानाबाईंचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं. जोतीरामनं पाइप खाली ठेवला आणि बाहीनं तोंड पुसायचं निमित्त करून डोळे पुसले.

"उद्या सकाळी सातला ये," गुंडूमामा त्याला म्हणाले. "आन् कशाला बी हात लावायच्या आधी इचार."