चार बोटं बाजूला

आतापर्यंत मी तीनशे बारा वेळा मेलो आहे. त्यातल्या दोनशे ऐंशी वेळा मला ओल्डाने मारलं. उरलेल्या वेळा घोडे, पूल, आणि एकदा प्लेग.

प्रागच्या दक्षिणेला चुनखडीची एक बंद पडलेली खाण आहे. परदेशी मालिकावाल्यांना जुनं इंग्लंड किंवा नकाशात नसलेलं एखादं राज्य हवं असलं की ते इथे येतात, थर्माकोलचा किल्ला उभा करतात, त्यावर शेवाळ फवारतात आणि आम्हाला बोलावतात. आम्ही म्हणजे तलवारवाले. ओल्डा मारतो, मी मरतो. नऊ वर्षं हीच वाटणी.

बघणाऱ्याला वाटतं, कसब मारणाऱ्याचं. मारणारा नुसता फिरवतो. पातं खांद्याच्या चार बोटं बाजूने जातं, ते अंतर कॅमेरा झाकतो, आणि लागल्यासारखं करायचं काम मरणाऱ्याचं. वेळ, जागा, रक्ताची पिशवी, पडायची दिशा, सगळं त्याच्या डोक्यावर. म्हणून आमच्यात एक रीत आहे: जेवणाच्या रांगेत मेलेले आधी. मारणाऱ्यांचे चेहऱ्याचे शॉट राहिलेले असतात, ते मागाहून येतात आणि गार सूप पितात. या धंद्यातल्या एकतीस वर्षांत ओल्डा एकदाही गरम सूप प्यायलेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ओल्डाने कपडेपटात खुंटीला टांगलेल्या एका झग्याला नमस्कार केला आणि त्याला बिशप आणि बकरीचा विनोद सांगितला. झगा हसला नाही. ओल्डाने तरीही विनोद पुरा केला, शेवटी झग्याच्या खांद्यावर थापही मारली. मी दारात उभा होतो. त्याला कडेकडेचं दिसत होतं; मधोमध, जिथे सहसा माणूस असतो, तिथे काही नव्हतं. हे त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी लढताना घावांचे आकडे पुटपुटायला लागलो. एक म्हणजे डोकं, दोन म्हणजे डावा खांदा, असे. आणि पातं जिथे येईल, त्याच्यापासून चार बोटांवर स्वतःला नेऊन ठेवायला लागलो.

कुणाला कळलं असतं तर ओल्डाच्या हातातली तलवार गेली असती आणि त्याला ओस्त्रावाला बहिणीकडे राहायला जावं लागलं असतं. ती ससे पाळते. ओल्डाला ससे आवडत नाहीत. "बघतच राहतात साले," तो म्हणायचा.

मी हे का करत होतो, याला मोठं कारण नाही. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात दोनदाच मारलं, दोन्ही वेळा लागलं. ओल्डाने तोवर दोनशे एकोणऐंशी वेळा मारलं होतं, एक ओरखडा नाही.

नोव्हेंबरात डॉक्टर ब्लांका आली. सहाशे वर्षांपूर्वीच्या तलवारबाजीच्या पोथ्यांवर तिचा प्रबंध होता. दिग्दर्शकाने तिला 'खरेपणासाठी' आणलं होतं. तिने आमची अडीच मिनिटांची लढाई हाताची घडी घालून बघितली आणि विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांच्या तलवारींवर का चिडलायत?"

"म्हणजे?" ओल्डा म्हणाला.

"तलवारीला मारताय. माणूस पलीकडे उभा आहे, त्याच्याकडे कुणी बघतच नाहीये."

मी बुटांकडे बघितलं.

"बाई, माणसाला मारलं तर तो मरतो."

"तेच तर! खरी लढाई तीन सेकंदांची असते. एक पाऊल, एक घाव, खलास."

"मग उरलेली दोन मिनिटं सत्तावीस सेकंद काय दाखवायचं? शोकसभा?"

ब्लांका हसली. माणूस वाईट नव्हती. ती म्हणाली, चिलखत पावासारखं कापलं जात नाही, पाठीवर बांधलेली तलवार कुणालाही उपसता येत नाही, आणि ठिणग्या तर उडतच नाहीत. आमच्या तलवारी ॲल्युमिनियमच्या, ठिणग्या संगणकातल्या, खणखणाट लंडनमध्ये कुणीतरी नंतर भरायचं. आम्ही मान डोलावली. तिचं सगळं खरं होतं.

दिग्दर्शक परदेशी होता. 'खरं' हा शब्द ऐकला की त्याच्या चेहऱ्यावर तेज यायचं. पण त्याला अडीच मिनिटंही हवी होती. शेवटी तोड निघाली: अडीच मिनिटं आमचा नेहमीचा गोंगाट आणि शेवटचा घाव ब्लांकाचा. खरा. माझ्या डाव्या खांद्यावर, चिलखताखाली, बशीच्या आकाराची जाड गादी. ओल्डाने बरोबर त्या बशीवर मारायचं. कॅमेरा बाजूने, म्हणजे चार बोटांचं अंतर झाकायला काही नाही.

"आणि तू हलायचं नाहीस," ब्लांका मला म्हणाली. "घाव येतोय हे त्या माणसाला माहीतच नाही. मग तो हलेल कसा?"

"थोडासुद्धा नाही?"

"एक बोटभरही नाही."

मी ओल्डाकडे गेलो. तो किल्ल्याला टेकून सफरचंद खात होता. मागे किल्ला जरासा डुलत होता.

"सांगू का तिला?" मी विचारलं.

"काय सांगणार?"

"तेच."

"तेच म्हणजे काय रे पोरा?"

"बशी लहान आहे, ओल्डा."

"बशी कधी बघितली नाही काय मी?" तो माझ्या कानाकडे बघत म्हणाला. मग सफरचंदाचा पुढचा घास घेतला. "सशांना रोज काय घालतात, माहितेय तुला? गवत. रोज. सकाळी गवत, संध्याकाळी गवत. बहिणीचं पत्र आलंय, खोली रंगवून ठेवलीय म्हणे."

"कुठला रंग?"

"मला काय करायचंय रंगाशी," ओल्डा म्हणाला.

मी सांगितलं नाही. मला भीती वाटली असती तर कदाचित सांगितलं असतं. पण तीनशे अकरा वेळा मेल्यावर भीती कुठे ठेवलीय ते चटकन सापडत नाही.

शॉट सुरू झाला. अडीच मिनिटं छान गेली. मी आकडे पुटपुटत होतो, ओल्डा फिरवत होता, आम्ही एकमेकांच्या तलवारींवर मनापासून चिडलो होतो. मग मी ठरल्याप्रमाणे थांबलो आणि म्हणालो, "दोन." आणि हललो नाही.

पातं येताना मला दिसलं. ते बशीवर येत नव्हतं. चार बोटं बाजूला, मानेच्या अंगाला येत होतं. ओल्डाची चूक म्हणता येणार नाही. एकतीस वर्षं हात चार बोटं बाजूलाच जात आला होता. मला सरकता आलं असतं. पण बोटभरही हलायचं नाही, असं ठरलं होतं.

ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला. माझी अर्ध्या गिरकीची एक खास पडण्याची पद्धत आहे, लोक तिची नक्कल करतात. ती राहूनच गेली. मी होतो तिथेच खाली बसलो आणि आडवा झालो. डोळे उघडे ठेवले, कारण शॉट संपला नव्हता. ढगाला बदकासारखा आकार होता. हात कुठे आहे ते कळत नव्हतं, पण त्याची तशी निकडही वाटत नव्हती.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. मग त्याची मदतनीस त्याचं म्हणणं आमच्या भाषेत सांगत आली. "साहेब म्हणतात, हे काय होतं? बटाट्याच्या पोत्यासारखा पडला. खरं वाटलं नाही. पुन्हा करू."

"करू," मी पडल्या पडल्या म्हणालो.

ब्लांका पांढरी पडली होती. ती धावत निघाली, पण ओल्डा आधी पोचला. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने चाचपडत माझ्या चिलखताखाली हात घातला. मानेपासून बोटं सरकवत आला. जिथे हाड सपाट असायला हवं, तिथे पायरी झाली होती. बोट पायरीवर थांबलं.

"लागलं?"

"नाही."

"खोटं नको बोलूस. मला दिसतंय."

ओल्डा उठला. "हा परत उभा राहणार नाही," तो मदतनिसाला म्हणाला. "हाड गेलंय. आणि मीही राहणार नाही. साहेबाला सांग, मला समोरचा माणूस दिसत नाही. दोन वर्षं झाली."

तिने सांगितलं. दिग्दर्शकाने बराच वेळ ऐकून घेतलं, मग काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात," ती चाचरत म्हणाली, "मग आत्ता अडीच मिनिटं लढलात ते कसं?"

"त्याला विचार," ओल्डा माझ्याकडे हात करून म्हणाला. हात ब्लांकाकडे गेला. ती पटकन दोन पावलं सरकून माझ्याजवळ आली.

दिग्दर्शकाला हे फार आवडलं. जाहिरातीत घालता येईल का, असं त्याने विचारलं. मदतनिसाने याचं भाषांतर केलं नाही; ते ब्लांकाने केलं, दातओठ खाऊन.

रुग्णवाहिकेला गावातून यायला अर्धा तास होता. सेटवरच्या नर्सने मला बाकावर बसवलं आणि बजावलं, डावा हात उजव्या हाताने छातीशी धर, अजिबात सोडू नकोस. मी धरला. शेजारच्या टेबलावर ओल्डाने तलवार ठेवली. ठेवताना पातं पुसलं, मुठीचा चामड्याचा पट्टा नीट गुंडाळला, मग ती हत्यारवाल्याच्या दिशेने सरकवली. हत्यारवाल्याने ती नेहमीसारखी वहीत जमा केली नाही. नुसती घेतली.

स्वयंपाकवाल्या यार्मिलाने पातेल्याचं झाकण काढलं. लसणाचं सूप होतं. मेलेल्यांची रांग लागली. त्या दिवशी अकरा मेले होते. ओल्डा जाऊन त्यांच्यामध्ये उभा राहिला. यार्मिला म्हणाली, "काय हो ओल्डा, आज लवकर?"

"हो."

"दोन वाडगे?"

"एकच. त्याला आणि मला."

तो वाडगा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. वाटेत थोडं सांडलं. आधी त्याने स्वतः एक चमचा घेतला आणि तोंड भाजून घेतलं.

"आई गं! हे इतकं गरम असतं?"

"असतं."

"एकतीस वर्षं कुणी बोललं नाही मला."

"गार कसं लागतं ते आम्हाला कुठे माहीत होतं," मी म्हणालो.

त्याने पुढचा चमचा भरला, त्यावर तीनदा फुंकर घातली आणि माझ्याकडे आणला. चमचा माझ्या डाव्या कानाच्या दिशेने निघाला होता.

"दोन," मी म्हणालो, आणि तोंड तिकडे नेलं.