एकतीस टक्के

चीनमधल्या शाओशिंगच्या त्या प्रयोगशाळेत आधी शुद्ध पाणी घ्यायचे, त्यात कापडगिरणीचा एकच रंग मिसळायचे आणि मग कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची काळी भुकटी टाकून ढवळायचे. रंग नळ्यांना चिकटून बसे, गाळलेले पाणी नितळ निघे. अठ्ठ्याण्णव टक्के सफाई! आपणच घाण करायची, आपणच पुसायची आणि वर शाबासकी घ्यायची, असा तो कारभार.

तिथे संशोधन करणाऱ्या युछिनच्या डोळ्यांपुढे मात्र घरची विहीर होती. तिचे गाव रंगाच्या गिरण्यांच्या खालच्या अंगाला. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत आणि लेकीच्या धाकाने विकतचे पाणी पीत. गेल्या वर्षी नववर्षाच्या सुट्टीहून परतताना तिने विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणले. त्यात साबण, तेल, कुजका पाला, नाना रंग. नळ्यांवर भलत्याचीच गर्दी झाली, रंगाला बसायला जागा उरेना. तिने तीनदा करून पाहिले. एकतीस टक्के.

तिचे मार्गदर्शक थाओ सरांनी आकडा पाहिला आणि वही मिटली.

"हे पाणी आणायला कुणी सांगितलं होतं?"

"सर, खरं पाणी असंच असतं."

"खऱ्या पाण्यावर पदवी मिळत नाही. निबंधातून तो तक्ता काढून टाक."

पदवीचा कागद सरांच्या हातात, म्हणजे तिचा हात दगडाखाली. ती आतून जळत होती, पण तक्ता काढला तो तिनेच.

यंदा छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, आईची समाधी झाडायला ती घरी गेली. भिंतीवर अठ्ठ्याण्णव टक्के सफाईच्या बातमीचे कात्रण डकवलेले होते, खाली थाओ सरांचे आणि तिचे नाव. बाबांनी कोवळ्या पानांचा चहा पुढे ठेवला. कोपऱ्यातल्या विकतच्या पाण्याच्या बुधल्यावर धूळ साचली होती.

"बाबा, पाणी कुठलं हे?"

"आपल्या विहिरीचं. वरच्या गिरणीत तुमचं यंत्र बसलंय ना? आता कशाला विकतचं? अख्ख्या गल्लीला सांगितलंय मी."

तिने उचललेला पेला ओठांपासून खाली घेतला.

"बाबा, या पाण्यात एकतीसच टक्के रंग निघाला होता. मी ते छापलं नाही."

बाबांनी कात्रणाकडे पाहिले.

"तुझ्या साहेबांवर नव्हता गं विश्वास ठेवला," ते म्हणाले. "खाली तुझं नाव होतं म्हणून ठेवला."

त्यांनी तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि चहा अंगणात ओतला. मग स्वतःचा उचलला. तो केव्हाच रिकामा झाला होता.