पहाटे टोपण फिरवणारा हात

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आहे. मला बसवून नऊ वर्षं झाली, तरी घरात मला अजून 'नवा'च म्हणतात. गाडी माझ्याहून पन्नास वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

माझं काम सोपं आहे. इंजिन तापवलेलं पाणी माझ्या बारीक नळ्यांतून फिरतं, वारा लागून निवतं आणि परत इंजिनाकडे जातं. माझ्याआधी इथे पितळेचा जड रेडिएटर होता. तो फुटला त्याच महिन्यात गाडीचे मालक वारले. त्यांच्या मुलीचे काका म्हणाले, गाडी विकून टाका. पण मालकांच्या मुलीने मला आणलं.

मेकॅनिक सांभाळून काम करणारा होता. बोल्टची भोकं जुळेनात, तेव्हा त्याने मला ओढूनताणून बसवलं नाही. पट्ट्या नव्याने वाकवल्या आणि माझं अंग लोखंडाला घासू नये म्हणून खाली रबराच्या गाद्या दिल्या. पोटात शुद्ध पाणी आणि मला आतून झिजू न देणारं हिरवं कूलंट भरलं. नळाच्या पाण्यातले क्षार याला आतून खातात, ते पाणी घालू नका, असं त्याने मुलीला दोनदा बजावलं. हाही टिकला नाही तर गाडी विकेन, असा शब्द मुलीने काकांना देऊन टाकला होता.

आणि मग ते सुरू झालं. पहाटे, घर जागं व्हायच्या आधी, अनवाणी पावलं यायची. बॉनेट उघडायचं. एक थंड हात टोपण फिरवायचा आणि मगभर पाणी माझ्यात ओतायचा. मी आधीच काठोकाठ भरलेला. ते उतू जाऊन खाली सांडायचं. रोज थोडं हिरवं वाहून जायचं, रोज मी थोडा फिका पडायचो. मला हाक मारता आली असती तर!

मुलगी चक्रावली. गाडी जागची हललेली नसली तरी खाली ओल, आणि आत बघावं तर पाणी काठाला. मेकॅनिकने रबरी नळ्यांवरचे सगळे क्लॅम्प आवळून पाहिले. पुढे माझ्या एका नळीवर पांढरी भुकटी आली आणि तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडलं.

"ताई, गळतंय, पण कमी होत नाही. असलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही," तो हात पुसत म्हणाला. "भूतबित असेल तर त्यालाही सांगून ठेवा, नळाचं पाणी घालू नको म्हणावं."

मुलीची आई चहा घेऊन आली होती. तिने ट्रे तिथल्या स्टुलावर ठेवला.

"मीच घालते," ती म्हणाली. "हे रोज पहाटे गाडीला पाणी घालायचे, मगच चहा. आता कधी घालायचं राहिलं, तर गाडीजवळ कुणी नसतानाही टोपण फिरल्याचा आवाज घरात ऐकू येतो. म्हणून मीच येते. मग तो आवाज माझाच असतो."

मेकॅनिकने मला उतरवलं, आतून धुतलं, भोक बुजवलं. पुन्हा भोक पडलं तर दुरुस्ती व्हायची नाही, एवढंच म्हणाला. मुलगीही रागावली नाही. दर रविवारी, इंजिन गार असताना, दोघी मिळून पाणी बघू, असं तिने आईला सांगितलं.

त्या संध्याकाळी आई गॅरेजच्या दारात उभी राहिली. आत कुणीच नव्हतं. ती जेवायला बोलवावं इतक्या सहज बोलली, "अहो, ऐकलंत ना? आता पाणी नको त्याला."

दुसऱ्या पहाटे पावलं आली नाहीत. बॉनेट उघडलं नाही. तरी माझ्या टोपणावर एक हात टेकला. आईचा हात मी चांगला ओळखतो. हा तिचा नव्हता. हा मोठा होता, बोटांना घट्टे पडलेला. टोपण घट्ट आहे ना, एवढं चाचपून तो गेला. अजूनही कधीमधी येतो. पाणी मात्र घालत नाही.

मित्रांनो, जीव लावणाऱ्यांकडूनही चूक होते. एखाद्या वस्तूची काळजी घ्यायची असेल, तर तिला काय चालतं आणि काय नाही, हे आधी जाणत्याला विचारा. आणि घरातलं कुणी मायेपोटी रोज तीच चूक करत असेल, तर ओरडू नका. जवळ बसून सांगा. माणसं ऐकतात. जी दिसत नाहीत, तीसुद्धा.