खाली ठोकलेला खिळा

मी एक जुनी चौकट आहे. लाकडाची, साधी आणि थोडी तिरसट. मित्रांनो, तुम्ही चित्र बघता तेव्हा त्याच्या भोवती जी असते ना, तीच मी. तुम्ही चित्राकडे बघता, माझ्याकडे कोणी बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे होती, आता राहिली नाही. सध्या मी ज्या खोलीत टांगलेली आहे, तिथे माझ्यासमोर एक खुर्ची आहे आणि तिच्यात कोणीच बसत नाही. दुपारी ऊन खिडकीतून आत येते, फरशीवरून सरकत जाते आणि निघून जाते. बोलायला माणूस नसले की मागचे सगळे आठवत बसते. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका चौकटवाल्या काकांच्या दुकानात झाला. पाडलेल्या एका घराच्या दाराचे लाकूड त्यांनी आणले, त्याला रंधा मारला, कोपरे तिरके कापले आणि सरस लावून मला उभे केले. माझ्यावर ना नक्षी होती, ना सोनेरी रंग. दुकानातल्या सोनेरी चौकटी मला बघून नाके मुरडायच्या. काका मात्र म्हणायचे, "चौकट अशी पाहिजे की चित्र लक्षात राहावं आणि चौकट विसरून जावी." हे कौतुक होते की टोमणा, ते मला अजून कळलेले नाही.

मला दुकानातून नेले ताईने. ताई चित्रकार. नवी नवी होती, हात तंग होता, त्यामुळे एकाच चौकटीवर भागवायचे होते. तिने काकांकडून माझ्या पाठीला लाकडी फिरक्या बसवून घेतल्या. फिरक्या फिरवल्या की मागची फळी निघायची, आतले चित्र बाहेर यायचे आणि दुसरे आत जायचे. प्रदर्शनात एक चित्र माझ्यात असायचे, बाकीची नुसत्या पुठ्ठ्यावर. माझ्यातले चित्र विकले गेले की ताई मला पालथी घालायची, फिरक्या फिरवायची आणि चित्राची सुरळी करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. चित्र जायचे आपल्या नव्या घरी. मी मागे. भाडेकरू येतात, भाडेकरू जातात, घर तिथल्या तिथे, तशातली गत.

आमच्या पहिल्या प्रदर्शनाचे काय सांगू! नुसती फजिती. चित्रे टांगायचे काम ताईच्या दादाकडे होते. दादा ताडमाड उंच. त्याने सगळी चित्रे स्वतःच्या डोळ्यांसमोर येतील अशी लावली. आलेली माणसे माना वर करकरून थकली. एक आजी तर म्हणाल्या, "अरे बाळा, चित्रं लावलीस की वाळत घातलीस?" मला त्याने खिडकीसमोर लावले होते, त्यामुळे माझ्या काचेवर सारा उजेड. लोक माझ्यासमोर यायचे, केस नीट करायचे आणि पुढे जायचे. आणि ताई? ती कोपऱ्यात पुस्तकात तोंड खुपसून बसलेली. कोणी किंमत विचारलीच तर खाली बघून म्हणायची, "द्या तुम्हाला योग्य वाटेल ते." ते ऐकून माणसे घाबरून काढता पाय घ्यायची.

संध्याकाळी चौकटवाले काका आले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि स्टूल ओढून बसले.

"अगं पोरी, पुस्तकात डोकं घालून बसलीस तर लोकांनी काय भिंतीशी बोलायचं? उभी राहा. हसून 'या' म्हण. मग गप्प राहा, त्यांना बघू दे. आणि किंमत लिहून लाव शेजारी."

"मला लाज वाटते हो काका."

"तुझ्या लाजेचं जाऊ दे. विचारायची लाज त्यांना वाटते, त्यांची सोय बघ."

ताई शिकली. ठेच लागत गेली, शहाणी होत गेली. चित्राचा मध्य साधारण उंचीच्या माणसाच्या डोळ्यासमोर यावा, हे तिने दादाच्या गळी उतरवले. उजेड समोरून नको, बाजूने हवा, हे तिला कळले. आणलेले सगळे भिंतीवर लावायचा मोह तिने सोडला, कारण दाटीवाटीने लावलेली चित्रे एकमेकांशी भांडतात आणि बघणाऱ्याला कोणाचेच धड ऐकू येत नाही. दारातून आत आल्या आल्या दिसेल तिथे ती सगळ्यात चांगले चित्र लावू लागली. त्या मानाच्या जागेवर बहुतेक वेळा मीच असायचे. लोक थांबायचे, वाहवा करायचे, आणि मग ताईचे हात माझ्या फिरक्यांकडे यायचे. प्रदर्शन संपले की मी रिकामी घरी येऊन दारामागच्या खुंटीवर लटकायचे. माझ्यातून पलीकडची भिंत दिसायची, तिचे पोपडेसुद्धा.

मग ताईची आई गेली. बरेच दिवस ताईने रंगांना हात लावला नाही. नंतर एकदा बसली आणि तिने एक चित्र काढले. स्वयंपाकघरातली खिडकी, खिडकीशी आईची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला आईचा स्वेटर. बस, एवढेच. आई खुर्चीवरून उठताना नेहमी म्हणायची, "आत्ता येते." चित्राला ताईने तेच नाव दिले आणि चित्र माझ्यात बसवले.

पुढच्या प्रदर्शनात ते लावायचे की नाही, यावर बहीणभावांचा वाद झाला. ताईला ते दाखवायचे होते, पण विकायचे नव्हते. दादाने युक्ती काढली. मित्रांनो, प्रदर्शनात एखादे चित्र विकले गेले की त्याला एक लाल टिकली चिकटवतात. म्हणजे दुसऱ्याने त्याची आशा धरू नये. दादा म्हणाला, "पहिल्या दिवशीच याला टिकली लावून टाकू. हे कोणी मागणार नाही, आणि एक गेलेलं दिसलं की बाकीच्यांनाही उठाव येतो. एका दगडात दोन पक्षी!" ताईने मान डोलावली. माझ्या खालच्या कोपऱ्यावर टिकली लागली. खोटी टिकली.

खरे सांगू? मी हरखून गेले होते. पहिल्यांदाच एक चित्र माझ्याजवळ राहणार होते. आम्ही बरोबर घरी आलो, बरोबर राहिलो. दारामागची खुंटी सुटली आणि आम्हाला ताईच्या खोलीत जागा मिळाली.

त्याच प्रदर्शनात एक शिंपीकाका आले. म्हातारे, पाठीत वाकलेले, डोळे अजून सुईत दोरा ओवणाऱ्याचे. सगळे दालन ओलांडून ते माझ्यासमोर थांबले ते थांबलेच.

"कोपराला ठिगळ आहे बघा स्वेटरच्या," ते दादाला म्हणाले. "आमची ही पण असाच स्वेटर टाकून उठायची. आणि हेच म्हणायची, आत्ता येते." मग त्यांना टिकली दिसली. "गेलं का हो हे?"

दादाने छाती फुगवून सांगितले, "हो काका, पहिल्याच दिवशी!"

"हं. चांगल्या घरी गेलं असेल," असे म्हणून ते हळूहळू निघून गेले.

पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. मीही तिथेच, चित्रही तेच, टिकलीही तीच. "अजून नेलं नाही त्यांनी?" त्यांनी विचारले. एका थापेला दुसरी थाप लागतेच. दादा म्हणाला, "ते बाहेरगावी असतात काका." शिंपीकाकांचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे एखाद वेळी नकोही म्हणतील," ते स्वतःशीच बोलले. ताई तेव्हा दाराशी लोकांचे स्वागत करत होती. तिला यातले काही ऐकू गेले नाही.

वर्षाआड नाही, दरवर्षी ते येत राहिले. येऊन आधी माझा कोपरा बघायचे, टिकली आहे की निघाली ते पाहायचे, मग चित्र बघायचे आणि जायचे. मित्रांनो, माझ्याकडे, म्हणजे चौकटीकडे, आधी बघणारा सगळ्या जन्मात तो एकच माणूस भेटला.

एकदा जेवताना दादाने ही गंमत म्हणून ताईला सांगितली. ताईचा घास हातातच राहिला. "आणि तू मला हे आज सांगतोस?" एवढेच ती बोलली. पुढच्या प्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी तिने नखाने खरवडून टिकली काढली. डिंकाचा डाग राहिला, तो अजून आहे. "काका आले की त्यांनाच द्यायचं," तिने दादाला बजावले. दुसऱ्या कोणी मागितले तर ती नाही म्हणत होती. दाराकडे पावले वाजली की बघत होती. मीही बघत होते. मला पुन्हा रिकामे व्हावे लागणार, हे ठाऊक असूनही बघत होते.

काका आले नाहीत. शेवटच्या दिवशी आवराआवर चालू असताना एक बाई आल्या.

"खुर्चीचं चित्र अजून इथंच आहे का हो? बाबा फार बोलायचे त्याच्याबद्दल." ताईने माझ्याकडे बोट दाखवले. बाई जवळ आल्या. "टिकली नाही याच्यावर. सोडलं का त्यांनी?"

"बाबा कुठे आहेत?" ताईने विचारले.

"गेले. थंडीत. त्यांनी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता याच्यासाठी. रोज म्हणायचे, सोडतील, एखाद दिवशी सोडतील."

ताईने आवराआवर थांबवली. तिने सगळे खरे सांगून टाकले. टिकली खोटी होती, घेणारा कोणी नव्हताच. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "असू दे," त्या म्हणाल्या, "त्यांना वाट बघायची सवय होती."

ताईने मला पालथी घातली. सवयीने तिची बोटे फिरक्यांवर गेली. मी जीव मुठीत धरला. मग बोटे थांबली. "चौकटीसकट न्या," ती म्हणाली. "खिळा आहे ना, त्याला नुसता कागद कसा अडकवणार?"

ताई आणि दादा स्वतः मला इथे घेऊन आले. शिंपीकाकांच्या खोलीत खिळा होता. दादाने बघितले आणि म्हणाला, "फारच खाली ठोकलाय. वर घेऊ का?"

"नको," बाई म्हणाल्या. "समोरच्या खुर्चीत बसून बघणार होते ते."

दादाने मान खाली घातली आणि मला त्याच खिळ्यावर टांगले.

मित्रांनो, तुमच्यात कोणी चित्रे काढत असेल, भांडी घडवत असेल, विणत असेल. आपले काम भिंतीवर लावाल तेव्हा ते आपल्या डोळ्यांसमोर नको, बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावा. विकायचे नसेल तर स्पष्ट सांगा, त्याचा कोणाला राग येत नाही. पण खोटी टिकली लावू नका. तुमच्या लेखी ती युक्ती असते आणि कोणीतरी घरी जाऊन खिळा ठोकतो.

बाई महिन्याकाठी येतात, धूळ पुसतात, कुलूप लावून जातात. मग खोलीत आम्हीच. माझ्यातली खुर्ची रिकामी, समोरची खुर्ची रिकामी. दोन्ही एकमेकींसमोर, अगदी योग्य उंचीवर.